जखम किती खोल?

भाजलेल्या मुलाला पदराखाली घेऊन दवाखान्यात शिरलेली आई डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारते. पहिला, "वाचेल ना?" त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले, की मग दुसरा, "डाग राहील का हो?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच निश्चितपणे द्यावयास वैद्यकाने गेल्या शंभर वर्षांत शिकून घेतले आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पहिल्या दिवशी आजही पुष्कळदा देता येत नाही. "बघू, तीनचार दिवसांत कळेल," असे डॉक्टर म्हणतात, आणि आईला वाटते, हे काहीतरी लपवीत आहेत. ते लपवीत नसतात. त्यांना खरोखरच ठाऊक नसते. कातडी किती खोलवर जळाली आहे, हे वरून पाहून ओळखणे ही वैद्यकातील फार जुनी अडचण आहे. ती सोडविण्यासाठी माणसाने काय काय केले, त्याचा हा थोडक्यात वृत्तांत. दिवाळी अंकात हा विषय थोडा विचित्र वाटेल. परंतु भुईनळे आणि अभ्यंगाचे कढत पाणी घरोघर असते ते याच दिवसांत.

आधी कातडीविषयी दोन शब्द. आपली त्वचा म्हणजे वरची एक पातळ साल आणि तिच्या खालचे जाड अस्तर. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी या अस्तरात खोल उतरलेल्या असतात, आणि नवी साल तयार करणाऱ्या पेशी या मुळांच्या भोवतीही असतात. शेत वरून जळाले, तरी मातीत बी शिल्लक असले तर पुन्हा उगवते, तसेच हे. दाह अस्तराच्या वरच्या भागात थांबला, तर दोनतीन आठवड्यांत नवी कातडी येते आणि फारशी खूण राहत नाही. तो आणखी खाली गेला, तर बी थोडे उरते, जखम भरावयास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो आणि मग जाड, उंच, लाल, खाजरा वण उठण्याचा धोका असतो. आणि अस्तर पुरते जळाले, तर बीच उरत नाही; दुसरीकडची कातडी काढून तेथे लावावी लागते. म्हणजे सारा निवाडा एकदोन मिलिमीटरच्या आत व्हावयाचा असतो. लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसाहून पातळ. ज्या चहाने बापाचा हात नुसता लाल होईल, त्याच चहाने वर्षाच्या मुलाचे अस्तर जळून जाते.

हे मोजण्याचा पहिला शहाणा प्रयत्न आपल्याकडेच झाला, याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा अध्याय आहे. त्यात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. प्लुष्टात कातडीचा रंग पालटतो आणि आग होते. दुर्दग्धात फोड येतात, तीव्र वेदना होतात आणि त्या लवकर शमत नाहीत. सम्यग्दग्धाचा रंग ताडाच्या पिकल्या फळासारखा. अतिदग्धात मांस लोंबते, शिरा, स्नायू, सांधे यांचा नाश होतो, ज्वर येतो, तहान लागते, मूर्च्छा येते. या शेवटच्या प्रकाराविषयी ग्रंथकार म्हणतो, की ही जखम फार दिवसांनी भरते, आणि भरली तरी तिचा रंग मूळचा राहत नाही. आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने दीडदोन हजार वर्षांपूर्वी असे देऊन ठेवले आहे. कढत तेलातुपाने भाजलेले अधिक वाईट, कारण तापलेले स्नेह सूक्ष्म शिरांच्या वाटेने त्वचेत शिरतात, हेही त्याने नोंदविले. कारणमीमांसा आज आपण वेगळी करू. तेल पाण्याहून पुष्कळ अधिक तापते आणि अंगाला चिकटून राहते. पण निरीक्षण अचूक आहे.

मात्र याच ग्रंथाने साध्या प्लुष्टावर शेक आणि उष्ण औषध सांगितले आहे, आणि थंड पाण्याने रक्त गोठते म्हणून ते वर्ज्य मानले आहे. आजचे ज्ञान याच्या नेमके उलट सांगते. सुश्रुताचा डोळा खरा होता, हा उपचार चुकीचा होता. पूर्वजांचा मान राखण्यासाठी मुलाच्या हातावर शेक देण्याची गरज नाही.

युरोपात हा प्रश्न बराच पुढे लिहिला गेला. १६०७ साली फाब्रिसियस हिल्डानुस या जर्मन शस्त्रवैद्याने भाजण्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात तीन पायऱ्या कल्पिल्या. १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या द्युपुइत्रांने त्यांच्या सहा केल्या. पायऱ्या तीन असोत, चार असोत की सहा असोत, मापावयाचे साधन एकच होते, वैद्याचा डोळा. रंग कोणता, फोड आहे की नाही, दाबले तर पांढरे पडून पुन्हा लाल होते का, केस ओढला तर सहज उपटून येतो का, टोचले तर दुखते का?

या शेवटच्या खुणेत एक क्रूर विसंगती आहे. उथळ भाजणे फार दुखते, आणि खोल भाजणे दुखत नाही, कारण वेदना वाहून नेणारे मज्जातंतूच तेथे जळून गेलेले असतात. रडून आकाशपाताळ एक करणारे मूल पाहून घर घाबरते, आणि निमूट पडून राहिलेले मूल पाहून 'आता बरे वाटतेय' असे म्हणते. खरे तर दुसऱ्याच मुलाकडे आधी धावावयास हवे असते.

विसाव्या शतकात आधी सुटला तो खोलीचा नव्हे, विस्ताराचा प्रश्न. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाचघराला आग लागली आणि ४९२ माणसे मेली. त्या आगीने अमेरिकन वैद्यकाला भाजलेल्यांकडे नव्याने पाहावयास लावले. १९४४ साली त्याच शहरातील लुंड आणि ब्राउडर या दोघा डॉक्टरांनी मानवी शरीराचा एक नकाशा प्रसिद्ध केला. कोणत्या अवयवाचा पृष्ठभाग एकंदर शरीराच्या शेकडा किती, हे त्यात वयानुसार दिले होते. मोठ्या माणसाचे डोके शेकडा ७, तर तान्ह्या मुलाचे शेकडा १९. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, ही गोष्ट शिक्षणशास्त्राने जशी उशिरा ओळखली, तशीच वैद्यकानेही. या नकाशामुळे शिरेतून किती पाणी आणि क्षार द्यावयाचे, याचा हिशेब मांडता येऊ लागला. मग 'वाचेल ना?' या प्रश्नाला आधार सापडला.

खोलीच्या प्रश्नाला पहिला मोठा हात घातला तो बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयातील डग्लस जॅक्सन यांनी, १९५३ साली. त्यांनी दाखवून दिले, की भाजलेली जखम सगळीकडे एकसारखी नसते. तिच्यात तीन वर्तुळे असतात. मधले वर्तुळ मेलेले. बाहेरचे केवळ लालबुंद, ते बरे होणारच. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पट्टा, जेथे रक्त मंदावलेले असते पण प्राण गेलेला नसतो. हा पट्टा पुढच्या एकदोन दिवसांत जगतो किंवा मरतो. अंगातले पाणी कमी पडले, जखम कोरडी पडली, तिच्यात जंतू शिरले, तर तो मरतो आणि काल उथळ दिसलेली जखम आज खोल होते. डॉक्टर पहिल्या दिवशी का सांगू शकत नाहीत, याचे उत्तर या पट्ट्यात आहे. ज्याचा निकालच अजून लागलेला नाही, तो वाचणार कसा?

जॅक्सन यांनी टाचणीच्या टोचणीचीही परीक्षा नीट लावून दिली. टोचलेले टोकदार लागते की बोथट, हे रुग्णाने सांगावयाचे. गिरणीतल्या कामगाराला हे विचारता येईल. पण दोन वर्षांच्या पोराला टाचणी दाखविली, तर ती टोचण्याआधीच ते किंचाळणार! शिवाय हात पाण्यात किती वेळ होता, पाणी उकळते होते की नुसते कढत, हेही मूल सांगू शकत नाही; आणि आई तर नेमकी त्याच क्षणी पाठमोरी असते. कढत पाण्याच्या बाबतीत वेळेला किती महत्त्व, हे मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या दोघांनी १९४७ साली प्रयोगांनी सिद्ध केले होते. ४४ अंश उष्णतेला कातडी जळावयास सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. काही सेकंदांचा हा हिशेब कोण ठेवणार?

तोवर रीत अशी होती, की वाट पाहावयाची. मेलेली कातडी आपोआप सुटून पडेपर्यंत दोनतीन आठवडे थांबावयाचे आणि मग उघड्या मांसावर कलम करावयाचे. ती मोडली झोरा यान्झेकोविच या बाईंनी. युगोस्लाव्हियातील मारिबोर या शहरातील रुग्णालयात त्या काम करीत. मेलेली कातडी पहिल्या काही दिवसांतच पातळ कापांनी तासावयाची. खाली ठिपक्याठिपक्यांनी ताजे रक्त दिसले, की तेथे जिवंत अस्तर लागले असे समजून थांबावयाचे आणि लगेच कलम लावावयाचे. १९७० साली त्यांचे काम जगापुढे आले आणि हळूहळू सगळीकडे रूढ झाले. मुले लवकर घरी जाऊ लागली, बोटे मोकळी राहू लागली. पण त्यामुळेच जुना प्रश्न नव्याने तातडीचा झाला. पूर्वी खोली चुकली तरी काळ चूक दाखवून देई. आता चौथ्या दिवशी सुरी हाती घ्यावयाची, तर निवाडा तिसऱ्या दिवशी हवा. उथळ जखम खोल समजून तासली, तर आपोआप येणारी कातडी आपणच काढून टाकली, आणि मांडीवर कातडी काढल्याची आणखी एक जखम केली. खोल जखम उथळ समजून थांबलो, तर वण आला. अनुभवी शस्त्रवैद्याचा डोळासुद्धा या मधल्या खोलीच्या जखमांत तीनांपैकी सुमारे दोनच वेळा बरोबर ठरतो, असे वेगवेगळ्या पाहण्यांत दिसून आले आहे.

मुंबईतील गोष्ट या ठिकाणी येते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे वाढली ती एका खोलीच्या संसारांनी. आपल्या भाषेत 'खोली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि भाजलेल्या मुलाच्या बाबतीत एका खोलीचा दुसरीशी फार जवळचा संबंध आहे. दहा बाय बाराच्या जागेत स्वयंपाक, न्हाणी, अभ्यास आणि निजणे. स्टोव्ह जमिनीवर, त्यावर चहाचे आधण, आणि दीड हातावर रांगते मूल. गॅस आला, ओटा आला, पण बादलीत काढून ठेवलेले कढत पाणी आणि टेबलाच्या कडेवरचा चहा अजून तेथेच आहेत. भाजलेल्यांचे मोठे विभाग मात्र दीर्घकाळ शहराच्या मध्याकडे राहिले: चिंचपोकळीचे कस्तुरबा, भायखळ्याचे मसीना, शीवचे लोकमान्य टिळक. राजावाडीत किंवा भगवतीत पहिली मलमपट्टी व्हावयाची आणि मूल घेऊन गाडी दक्षिणेकडे निघावयाची. आता मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला, की नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ही पूर्व उपनगरांना मोठीच सोय झाली.

पैसा कमी आणि जखमी पुष्कळ, अशा या शहरातील डॉक्टरांनी आपल्या परीने जगाच्या ज्ञानात भर घातली. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींच्या पट्ट्या तयार केल्या, निर्जंतुक केल्या आणि भाजलेल्या जखमांवर बांधल्या. १९८५ साली त्यांचा पहिला वृत्तांत जागतिक नियतकालिकात आला. सालीमुळे जखम ओली राहते, आणि ओल राहिली तर नवी कातडी सुकून मरत नाही. पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग पारखून पाहिले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून काढताना मूल किंचाळत नाही. त्याच रुग्णालयात २००० साली देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये राखून ठेवतात आणि ज्याच्या अंगावर आपली कातडी उरलेली नाही, त्याला ती तात्पुरते पांघरूण म्हणून घालतात. नेत्रदान आपल्याकडे रुजले. त्वचादान अजून तितके रुजलेले नाही.

ही सारी साधने जखम झाकण्याची. जखम वाचण्याचे काय? एक उत्तर यंत्राचे. लेझरचा किरण कातडीवर फिरवून खाली रक्त किती वेगाने वाहते ते मोजतात. जेथे रक्त वाहते, तेथे जीव आहे. हे यंत्र दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यापेक्षा पुष्कळ खरे बोलते. पण ते महाग आहे, आणि मुलाने त्याच्यापुढे स्वस्थ बसावयास हवे.

दुसरे उत्तर शरीरातच शोधण्याचे, म्हणजे जैव-खुणांचे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' सापडले. दाह झाला की ते वाढते. १९९३ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी मुलांच्या रक्तात पाहिले, की जंतुदोष गंभीर झाला, की 'प्रोकॅल्सिटोनिन' नावाचे द्रव्य झपाट्याने वाढते. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे भाजलेल्या शेकडो मुलांच्या रक्ताचा अभ्यास झाला आणि 'इंटरल्यूकिन' जातीचे निरोप्ये केव्हा किती वाढतात, हे नोंदले गेले. मूल जंतुदोषाकडे झुकते आहे काय, याची चाहूल त्यांतून लागू शकते. पण या रक्तातल्या खुणा म्हणजे गावभर वाजणारी घंटा. कोठेतरी आग आहे, हे तिने कळते. कोणत्या घराची भिंत किती जळाली, ते कळत नाही. शिवाय मोठे भाजणे हेच मुळी दाहाचे कारण, म्हणून जंतू नसतानाही ती थोडीबहुत वाजतेच.

म्हणून ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी जखमेच्या उंबरठ्यावरच साक्षीदार शोधला: फोडातले पाणी. मलमपट्टी करताना मोठे फोड स्वच्छ हत्यारांनी काढून टाकतात आणि त्यांतील पाणी फेकून देतात. तेच त्यांनी भाजलेल्या मुलांपासून जमविले. त्यासाठी मुलाला वेगळी सुई टोचावी लागत नाही, हा त्यातला मोठा गुण. हे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात शेकडो प्रथिने असतात. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की जखम जितकी खोल, तितके फोडातल्या पाण्यात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताचे रंगद्रव्य, अधिक सापडते. कारण समजावयास अवघड नाही. रक्तवाहिन्या वरच्या सालीत नसतात. त्या अस्तरात असतात. उष्णता खाली पोचली, की त्या वाहिन्यांना आणि रक्तपेशींना इजा होते आणि त्यांचा रंग वर येतो. विहिरीचे पाणी गढूळ आले, तर गाळ ढवळला गेला असे आपण ओळखतो, तशातलेच हे. याच पाण्यातील इतर प्रथिनांची यादीही पुढे आली.

अर्थात ही सुरुवात आहे. सगळ्याच जखमांना फोड येत नाहीत, आणि आला तरी घरीच फुटून जातो. थोड्या मुलांवर दिसलेली गोष्ट पुष्कळांवर पडताळून पाहावी लागते. म्हणून डोळ्याची जागा या खुणेने अजून घेतलेली नाही. पण डोळ्याला साक्षीदार मिळावा, ही धडपड योग्य दिशेची आहे; आणि साक्षीदार स्वस्त असला, कागदाच्या पट्टीवर रंग पाहून ओळखता येण्याजोगा झाला, तर तो घाटकोपरच्या दवाखान्यातही उभा राहू शकेल. लेझरच्या यंत्राला ते जमणार नाही.

एवढ्या बारीक हिशेबाने काय साधते, असे कोणी विचारील. शाळामास्तराला हे विचारू नये. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा वर्गात एकदोन हातांना पट्ट्या असतातच. बहुतेक पट्ट्या महिन्याभरात सुटतात. पण एखाद्या हाताचा तळवा आकसून बोटे आत वळलेली राहतात. हाड वाढते, मूल वाढते, वण मात्र त्या मानाने ताणत नाही. म्हणून दर काही वर्षांनी तो सोडवून घ्यावा लागतो. असे मूल पेन्सिल मुठीत धरते, कबड्डीत मागे उभे राहते आणि प्रार्थनेला हात जोडावयाची वेळ आली, की ते खिशात घालते. जखमेची खोली तिसऱ्या दिवशी बरोबर ओळखली गेली असती, तर यांपैकी काही हात मोकळे राहिले असते.

आणि या साऱ्या शास्त्राचे पहिले पाऊल दवाखान्यात नव्हे, घरातच पडावयाचे असते. जॅक्सन यांचा तो मधला पट्टा वाचविण्याचे सर्वात सोपे साधन म्हणजे पाणी. भाजल्याबरोबर, अंगावरचा भिजलेला किंवा तापलेला कपडा आणि बांगड्या काढून, त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. नळ गेला असेल, तर पिंपातले तांब्यातांब्याने घालावे. तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये; त्याने कातडीला उलट इजा होते. मोठ्या जखमेवर पाणी घालताना मूल गारठणार नाही, हे पाहावे. बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे. मग स्वच्छ धुतलेले कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा. फोड घरी फोडू नयेत. शाई, हळद, तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कच्चा कीस यांपैकी काहीही लावू नये. वाडियातल्या त्या साली निर्जंतुक केलेल्या होत्या. आपल्या पाटीतला बटाटा तसा नसतो. शिवाय रंगीत लेप लावला, की जखमेचा मूळ रंगच झाकला जातो, आणि जी गोष्ट वाचावयास सुश्रुतापासून सारे वैद्य धडपडले, तिच्यावर आपण आपल्याच हाताने बोळा फिरवितो. डॉक्टरांना मग आधी तो लेप खरवडावा लागतो, आणि मुलाला ते सोसावे लागते.

यंदाच्या दिवाळीत भुईनळा पेटविताना पाण्याची एक भरलेली बादली अंगणात, गॅलरीत किंवा जिन्याच्या तोंडाशी आधी ठेवावी. अभ्यंगाचे पाणी काढताना थंड पाणी आधी ओतावे आणि कढत मागाहून.